टिप्पर बॉईजची राहिलेली बंदी

यंदा आमची टीम स्पर्धेत का नाही, विचारताय ना? दोष अमेरिकेचा.

तिकडे म्हणे फुटबॉलचे बंद पडलेले क्लब जुनीच नावं घेऊन परत उतरतात, आणि लहानपणी त्यांच्या मॅच बघितलेले लोक आवर्जून येतात. चुलतभावाने हे तिकडून फोनवर सांगितलं आणि आम्हा सुर्लेकर गावकऱ्यांच्या डोक्यात शिरलं. आमचीही एक टीम होती, टिप्पर बॉईज. सगळे खनिजाचे टिप्पर चालवणारे, कॅप्टन माझा मामा. खाण बंद झाली तशी टीमही मोडली.

तर तेच नाव घालून मी पेडण्याला स्पर्धेच्या सेक्रेटरींकडे फॉर्म दिला. त्यांनी जुनी वही काढून सावकाश वाचली.

"ह्या टीमला दोन वर्षांची बंदी आहे. एक वर्ष भोगलं, मग तुमचा फॉर्मच आला नाही, म्हणून एक राहिलंय."

"बंदी कशाला?"

"रेफरीला टिप्परात घालून खाणीवर सोडून आले होते."

"सर, ते सगळे आता साठीला आले."

"मग दुसरं नाव घाला, ह्याच वर्षी खेळा. हेच हवं तर वर्षभर बसा."

घरी आलो तर मामा पेज जेवत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, ओशाळेल. त्याने चमचा खाली ठेवला.

"वहीत आमचं नाव अजून आहे?"

"आहे."

"मग टीम मोडली कुठे रे? बाहेर बसलीय नुसती."