माती की कोकोपीट

शनिवारी उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओतल्या एका रोपवाटिकेत गल्ल्यापुढे रांग होती. माझ्या पुढे एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात ‘माते’ या तिथल्या कडवट चहाचा पेला, काखेत गरम पाण्याचा थर्मास.

“मिल्टन, आपला नंबर आला. गांजा मातीत लावायचा की कोकोपीटमध्ये? एक काय ते बोल.”

“कोकोपीटमध्ये मुळं पटकन धरतात, ताई. पण खत रोज घालावं लागतं.”

“मग माती घे.”

“मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात.”

“मग कोकोपीट घे! महिना झाला हेच ऐकतेय. बिया अजून डबीतच आहेत.”

“शेजारचा ओल्मेदो म्हणतो, माती ती माती.”

“त्या ओल्मेदोचे टोमॅटोसुद्धा जगले नाहीत! आणि तो थर्मास तरी खाली ठेव. तान्ह्या पोरासारखा काखेत घेऊन फिरतोस.”

“खाली ठेवला तर कुणीतरी लाथ मारेल.”

“मीच मारेन. केमोपासून आईच्या पोटात दोन घास टिकत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, गांज्याने भूक लागेल. आणि तुला रोपांच्या खुराकाची चिंता!”

“तिच्यासाठीच ना! फुलं यायला तीन महिने लागतात. चुकीचं निवडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आईकडे आणखी तीन महिने आहेत का, ताई?”

गल्ल्यावरच्या माणसाने विचारलं, “काय देऊ?”

“एक पोतं माती, एक पोतं कोकोपीट. कायद्याने घरी सहा रोपांची परवानगी आहे ना? तीन यात, तीन त्यात.”

“ताई...”

“थर्मास इकडे दे. दोन पोती काय एका हाताने उचलणार आहेस?”