यसाबाईच्या पाण्यात सोडलेले मासे

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीसुद्धा! आज आधी एक प्रश्न विचारतो, मग गोष्ट सांगतो.

प्रश्न असा. हातून वाईट घडलं, पण मन चांगलं होतं! मग माणसानं मान खाली घालायची की नाही? हेतू शुद्ध होता म्हटलं की सुटलो का आपण?

तिकडं खांबाला टेकलेले काका मान हलवतायत — सुटलो म्हणे! काका, थांबा. घाई करू नका. तुमच्यासारखीच मीही मान हलवली होती.

ऐका! वडजाई म्हणून तालुक्याचं गाव. तिथं विश्वंभर शेटे नावाचा गृहस्थ. चष्म्यांचं दुकान. सगळ्या तालुक्याला नीट दिसावं म्हणून झटणारा माणूस! सज्जन. शुद्ध शाकाहारी. आणि एकच नाद — मासे पाळायचे! खायचे नाहीत हो, पाळायचे! दुकानात शिरलं की समोर चार फुटी काचेची पेटी, आत लाल-सोनेरी मासे. चष्मा घ्यायला आलेलं पोर रडायला लागलं की त्याला पेटीपुढं उभं करायचं — रडणं बंद!

त्या पेटीत त्यानं एक परदेशी मासा आणून सोडला. बाजारात त्याला सकर म्हणतात. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खातो. आणला तेव्हा बोटाएवढा. कसला कामसू! काच पुसायला फुकटचा गडी! शेटेंनी आणखी दोन आणले. पण मंडळी, बोटाएवढं आणलेलं बोटाएवढंच राहतं का? दोन वर्षांत तिन्ही मासे हातभर झाले. काळे, अंगावर चिलखत, पाठीवर काटा. पेटीतली झाडं उपटली. सोनेरी माशांच्या अंगाला चिकटायला लागले. सकाळी पेटी बघावी तर एक सोनेरी उलटा!

आता काय करायचं? दुकानदार परत घेईना. मारायचं तर हात धजेना. शेटे बिचारा कासावीस! गेला एका जाणत्या माणसाकडं सल्ला विचारायला. म्हणाला, “महाराज, काय करू?”

हो मंडळी. महाराज म्हणजे हाच — जो तुमच्यापुढं उभा आहे तो! आणि मी काय म्हणालो? मोठ्या थाटात म्हणालो, “अहो शेटे, काचेत कोंडलेला जीव तो! तळ्यात सोडा. मुक्त करा. पुण्य लागेल!”

हसू नका. मलाही तेव्हा फार गोड वाटलं होतं ते वाक्य.

शेटे आणि त्यांची बायको मालतीबाई, दोघांनी मिळून टब उचलला. एक बाजू त्यांच्या हातात, एक बाजू तिच्या. गावाबाहेरच्या तलावावर गेले. मासे सोडले. हात जोडले! घरी येऊन गोडाचा शिरा केला! आणि पुढं ज्याच्या-ज्याच्या पेटीत मासा मोठा झाला, त्याला शेटे सांगायचे, “तळ्यात सोडा हो. आम्हीही तसंच केलं.”

सात वर्षं गेली.

आणि बातमी आली — सरकार कायदा करतंय! परदेशी प्राणी, पक्षी, मासे, कासवं — कोणते पाळायचे आणि कोणते नाही त्याची यादी होणार. नोंद करावी लागणार. काही जातींची विक्रीच बंद! मसुदा निघाला, लोकांच्या हरकती मागवल्या. झालं! वडजाईत एकच खळबळ. कुणाकडं आफ्रिकेचा पोपट, कुणाकडं लाल कानाची कासवं. एक बाई माझ्याकडं येऊन रडली — “महाराज, आमच्या पोपटाला नेतील हो! तो मला आई म्हणतो!” खोटं नव्हतं तिचं रडणं. माया ती माया! तिला काय देशी-परदेशी कळतं?

या सगळ्यांचं एक मित्रमंडळ होतं आणि अध्यक्ष कोण? विश्वंभर शेटे! त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. पहिली सही माझी घेतली. मी वाचला का अर्ज? नाही! सही ठोकून मोकळा!

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात होती, ऐकायला सरकारी साहेब. खच्चून गर्दी. मीही पुढच्या रांगेत. शेटे उभे राहिले. काय बोलले हो! “साहेब, आम्ही प्रेम करणारी माणसं आहोत. आमच्यातल्या एकानंही आजवर परदेशी जीव बाहेर सोडलेला नाही! मग आमच्यावर संशय का?”

टाळ्या! कडकडाट! मालतीबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या टाळ्या मात्र मला ऐकू आल्या नाहीत.

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. यसाबाई मल्लाव. भोई समाजाची, त्याच तलावावर तीस वर्षं मासेमारी करणारी. डोक्यावर घमेलं, वर ओलं पोतं. घमेलं साहेबांच्या टेबलापुढं ठेवलं, पोतं काढलं — आत पाच-सहा काळे मासे! हातभर! जिवंत! अंगावर चिलखत!

लोक मागं सरकले. यसाबाईनं उजवा हात वर केला. दोन बोटं आकडली होती, सरळच होत नव्हती.

“जाळ्यातनं सोडवताना काटा शिरला ह्याचा,” ती म्हणाली. “बोटं गेली ती गेली. जाळंबी फाडतंय. काठ पोखरून बिळं करतंय. हितल्या माशांतली मरळ ऱ्हायली न्हाई, वाम ऱ्हायली न्हाई. जाळं वडलं की ह्योच! कुनी खात न्हाई, कुनी घेत न्हाई. माज्या सासऱ्याला पान्यातल्या समद्या माशांची नावं ठावं हुती. ह्याला आमच्यात नावच न्हाई!”

मग ती आमच्याकडं वळली. रागानं नाही हो! हात जोडून! “तुमी मासं पाळनारी शानी मानसं. मला यवडंच सांगा — ह्यो आला कुठनं?”

सगळ्यांचे डोळे शेटेंवर. जाणकार तेच ना! शेटेंनी घमेल्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी काय केलं? मी चपलेकडं पाहिलं, मंडळी.

शेटे म्हणाले, “पुरात वाहून आला असेल.”

आणि यसाबाई काय म्हणाली? “आसंल बाबा. तुमाला कळतंय त्यातलं.”

विश्वास ठेवला तिनं! साहेबांनी कागदावर लिहिलं — पूर. यसाबाईनं वर पोतं टाकलं, घमेलं उचललं आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं की नाही? सांगा!

घरी शेटे जेवायला बसले. भात नुसता चिवडत होते. मालतीबाई म्हणाल्या, “तुम्ही एकटे खोटं बोलला नाहीत. टबाची एक बाजू माझ्या हातात होती. मीही गप्प बसले.” तेवढंच बोलल्या आणि ताट झाकून ठेवलं.

सकाळी शेटे तलावावर गेले. यसाबाई जाळं सांधत होती. त्यांनी सांगितलं. स्वतःचं सगळं! तीन मासे सोडले, दुसऱ्यांनाही सोडायला लावलं.

तिनं सुई थांबवली. “मग काल का न्हाई बोललास?”

बघा! काल ‘तुमाला’ होतं, आज ‘बोललास’ झालं.

“लाज वाटली,” शेटे म्हणाले.

“आन् आज माज्याफुडं बोलून काय व्हनार? मी एकटी हाय हितं. जितं खोटं लिवलंय तितं जाऊन बोल की!”

शेटेंनी मित्रमंडळाची सभा बोलावली. उभे राहून सांगितलं, “पूर नव्हता. मी होतो.” केवढा गोंधळ झाला! कुणी म्हणालं, “अध्यक्ष, गप्प बसा, कायदा आपल्या मानेवर येईल!” कुणी खुर्ची सरकवून निघून गेलं. मग निवृत्त मास्तर होते एक, फुलारे म्हणून — उठले. “मी दोन कासवं सोडली. देवळाच्या कुंडात.” खाली बसले. तोंडावर उपरणं घेतलं. मग आणखी दोघं-तिघं. मान वर करून कुणीच बोललं नाही. पोपटवाल्या बाई कोपऱ्यात रडत होत्या.

शेटेंनी पहिला अर्ज मागं घेतला. नवा लिहून साहेबांच्या हातात दिला — आम्ही सोडले. आमची नोंद करा. आमचे जीव आमच्याकडून हिसकावू नका, पण नकोसे झालेले परत द्यायला एखादी जागा करा. त्यावर सह्या किती? सहा! आधीच्या अर्जावर शंभरावर होत्या. या वेळी मी वाचून सही केली.

कायद्याचं काय व्हायचं ते होईल. पण तलाव सुधारला का? नाही मंडळी! शेटे आणि मालतीबाई दर गुरुवारी दुकान बंद ठेवून यसाबाईबरोबर जाळं ओढतात. काळे मासे वेगळे काढतात. संपत नाहीत! आणि तिची बोटं सरळ झाली नाहीत.

मीही गेलो एका गुरुवारी. शेटेंनी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं — सभेत नाही, तिलाही नाही. मी स्वतः सांगितलं. म्हटलं, “यसाबाई, सोडायला मीच सांगितलं होतं. पुण्य म्हणून.”

तिनं हातातला काळा मासा घमेल्यात टाकला. मग म्हणाली, “म्हाराज, पान्यात सोडलं म्हंजे कुनाच्यातरी घरात सोडलं. पुन्य करताना तितं कोन ऱ्हातंय, ते इचारत जावा.”

माझ्याकडं शब्दांना तोटा आहे का? तासन्‌तास बोलतो मी! त्या दिवशी मात्र मी दोर धरला आणि ओढायला लागलो.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. मासा नसेल सोडला तुम्ही. पण डोळ्यांआड व्हावं म्हणून काही ना काही ढकलून दिलंच असेल — आणि हात जोडले असतील! ते आत्ता कुणाच्या दारात पडलंय? माहीत आहे का? आणि माहीत असेल, तर तिथं जाऊन सांगितलंत का?

टाळ एवढ्यात उचलू नका. ज्याला जे आठवलं असेल, ते घेऊन क्षणभर गप्प बसा. मीही बसतो. नाम मग घेऊ — आधी मान खाली घालू.