खिशातलं नेट, हातातली वीणा

राम कृष्ण हरी, मंडळी! पुढं सरका, पुढं सरका. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा! झोप काढायला घर आहे तुमचं. आणि ते फोन जरा पालथे ठेवा. आज त्यांचंच आख्यान आहे, ऐकू दे त्यांनाही.

तर प्रश्न असा. एका माणसाच्या घरी पाण्याचा रांजण काठोकाठ भरलाय. घरच्यांना तहान लागली. हा देतो — नाही म्हणत नाही हं! — पण कसा? आधी विचारायचं. मग ह्यानं विचारायचं, "कशाला?" मग आपण ओशाळं व्हायचं. मग ह्यानं घोटभर ओतायचं आणि वर म्हणायचं, "बघा, माझ्यामुळं प्यालात." मंडळी, ह्याला दाता म्हणायचं का? ... काय हो काका, मान हलवलीत, पण हो की नाही ते कळेना! असू द्या. गोष्ट ऐका.

कऱ्हाडच्या अलीकडं एक गाव. नाव घेत नाही, तिथलीही माणसं कीर्तनाला येतात. तिथं त्र्यंबकअण्णा खराडे नावाचा गृहस्थ. एसटीत वाहतूक नियंत्रक होता, रिटायर झाला. नियंत्रक म्हणजे — कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, ते भोंग्यावरनं सांगणारा. तीस वर्षं हा बोलला की माणसं पळायची! बोचकी घेऊन, पोरं घेऊन पळायची. आणि मग रिटायर झाला. आता घरात दोनच माणसं. हा आणि ह्याची बायको शशिकलाबाई. आता पळवायचं कुणाला?

देव दयाळू! देवानं ह्याला हॉटस्पॉट दिला!

आजीबाई, घाबरू नका, सोपं आहे. फोनमध्ये नेट असतं ना? तेच हवेतनं घरातल्या दुसऱ्या यंत्राला वाटायचं, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. पोरगा पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "अण्णा, घरी वायर ओढून घेऊ, भिंतीवर डबी बसवू. खर्च माझा." तर हा कडाडला, "का? घरात नेट नाही? मी मेलो का?" प्रीपेडचा रिचार्ज ह्याच्या नावावर. फोन ह्याच्या खिशात. बायकोकडं बटणांचा फोन, आणि पोरानं दिलेला एक टॅब. त्या टॅबला कार्ड नाही, काही नाही. अण्णानं दिलं तर चालायचा, नाहीतर पाट म्हणून बसायला!

रोज सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि मग अण्णा खुर्चीत बसून हॉटस्पॉट चालू करायचा. चालू करून गप्प बसेल तर शपथ! भोंग्यावरची सवय. "चालू केलंय होऽऽ! कुणाला काय बघायचं ते बघून घ्या!" कुणाला म्हणजे? घरात एक बायको! आणि पासवर्ड रोज नवा. का? तर तिनं रोज विचारावं म्हणून!

"अहो, पासवर्ड सांगता का?"

"कशाला पायजे?"

"लोणच्याचं प्रमाण बघायचंय."

"चाळीस वर्षं लोणचं घालतीस, आणि आता प्रमाण?"

झालं! गेली बिचारी स्वयंपाकघरात. आणि अण्णा दाढीला निघाला की फोन खिशात. म्हणजे घरचं नेटही दाढीला! अण्णा पारावर, नेट पारावर. ती माउली टॅबवर आपल्या ताईशी बोलत असायची, ताईचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. चित्र थिजलं की हिला कळायचं — यजमान घराबाहेर पडले.

आता ही शशिकलाबाई कोण? बालवाडीच्या बाई! पंचवीस वर्षं गावातली पोरं तिनं पाढ्यांवर वाढवली. पाढे म्हणजे पाठ करून घ्यायचे नाहीत, गाऊन घ्यायचे, हातावर ताल धरून. बालवाडी सुटली, बाई गप्प झाल्या. आणि एक दिवस पोराच्या मित्रानं ऑस्ट्रेलियातनं विचारलं — "काकू, आमच्याकडं चाळीस मराठी पोरं आहेत. टॅबवरनं पाढे शिकवाल? आधी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसमोर पोरांचा एक तास घेऊन दाखवा. पसंत पडला तर दर रविवार तुमचा."

अहो, त्या बाईला काय झालं असेल! तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. तीन दिवस भांडी घासताना पाढे म्हणत होती. ह्या वयात कुणीतरी पुन्हा 'बाई' म्हणणार होतं तिला. तेवढंच तिला हवं होतं, मंडळी. रविवारी आपल्याकडचे साडेअकरा, म्हणजे तिकडची संध्याकाळ.

आदल्या दिवशी ती अण्णापुढं उभी राहिली. "उद्या साडेअकराला फोन घरी ठेवाल का? तासभरच."

अण्णानं वर बघितलं नाही. म्हणाला, "बघू."

हा 'बघू' ओळखता ना? ह्यात होकार नसतो, नकार नसतो, नुसती ऐट असते! आणि त्याच्या मनात काय? — चाळीस पोरं? परदेशातली? आणि मला विचारलंही नाही आधी? बरं! मग बघतोच.

गावात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस, कुणाच्या ना कुणाच्या हातात पाहिजे. दोन-दोन तासांचा पहारा. आणि नियम एकच — पुढचा येईपर्यंत वीणा खाली ठेवायची नाही. अण्णाचा पहारा होता संध्याकाळचा. ह्या शहाण्यानं काय करावं? सकाळी उठून बापू लोहाराला म्हणाला, "बापू, तुझा अकरा ते एकचा पहारा मला दे." देवाच्या दारात गेला, पण कशासाठी? बायकोचा तास बुडवायला! आणि वर कपाळाला बुक्का!

सव्वाअकराला हा देवळात. आला उशिरा, आधीचा विणेकरी ताटकळलेला. पायरीवर अण्णानं फोन काढला, हॉटस्पॉट बंद करावा म्हणून. तेवढ्यात तो म्हणतो, "अहो अण्णा, घ्या की! पाव तास झाला, बैल बांधायचेत माझे!" गळ्यात वीणा अडकवली आणि गेला. अण्णानं घाईत फोन बंडीच्या आतल्या खिशात कोंबला. चालूच!

इकडं घरी टॅब मुका. शेजारी कुणी नाही, गल्ली झाडून सप्ताहाला. बाईंनी टॅब काखेत मारला आणि चालू लागल्या. पदर सुटला तरी थांबल्या नाहीत. देवळात आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का.

"फोन द्या."

अण्णा साळसूदपणे म्हणतो कसा, "हात गुंतलेत. वीणा खाली ठेवता येत नाही."

असा आनंद, मंडळी! असा आनंद त्याला रिटायर झाल्यापासून झाला नव्हता!

बाईंनी खिशाकडं बघितलं. टॅबकडं बघितलं. टॅबवर नेटाची खूण आली होती! सकाळचाच पासवर्ड, आपणहून जोडलं गेलं.  बाईंनी तिथंच, देवासमोर, नवऱ्याच्या पायाशी मांडी घातली, टॅब खांबाला टेकवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नमस्कार मुलांनो!"

चाळीस पोरं दिसली! अण्णा हादरला. बंद करावं तर एक हात दांडीवर, एक तारेवर. आतला खिसा, वरनं वीणा. त्यानं बापूला खुणावलं — जरा धर रे! बापू टाळ घेऊन शेजारीच. म्हणाला, "एक वाजेपर्यंत तुमचाच पहारा. तुम्हीच मागून घेतलाय!"

मग ह्याला नवी अक्कल सुचली. हळूहळू सरकायला लागला. मुखी नाम, पाय मात्र दाराकडं! फोन टॅबपासनं लांब गेला की चित्र थिजणार, ठाऊक होतं त्याला. गेला खांबामागं, गेला दाराशी. पोरं थिजली! तिकडची एक बाई तुटक तुटक विचारतेय, "आवाज येत नाहीये काकू, काही अडचण आहे का?" शशिकलाबाईंचा चेहरा उतरला. गेलं, सगळं गेलं.

दाराशी हौसाबाई पंगतीची भाजी चिरत बसलेली. तिनं सगळं बघितलं होतं. तिनं भाजीची पाटी उचलली, उंबऱ्यात आडवी मांडली, वर भोपळा ठेवला, आणि देऊळ हादरेल असं ओरडली, "विणेकऱ्यानं देवासमोर उभं राहायचं असतंय! बाहेर कुठं निघाला वीणा घेऊन?" पन्नास डोकी वळली. आता जातोस कुठं? आला मुकाट जागेवर. पोरं हलायला लागली!

"एकोणतीस दुणे?" बाई.

"अठ्ठावन्न!" तिकडनं.

"एकोणतीस त्रिक?"

पोरं अडखळली. तशी बापू लोहारानं टाळ वाजवला — "सत्त्याऐंशीऽऽ!" झालं! टाळकरी सुरू, भाजीवाल्या सुरू, अख्खं देऊळ एकोणतिसाच्या पाढ्यावर. तिकडची पोरं उड्या मारतायत. तास संपला तेव्हा तिकडची बाई म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारपासून तुम्हीच. आणि तुमच्यामागं वीणा घेऊन उभे आहेत ते कोण?"

"माझे यजमान," बाई म्हणाल्या. "ते उभे राहिले म्हणून आज तास झाला."

आणि हा गडी फुगला हो! खरंच वाटलं त्याला! लाज वाटली का? छे! मान ताठ केली, बुक्का नीट केला.

बाईंनी त्याच आठवड्यात पोराला सांगून वायर ओढून घेतली. भिंतीवर डबी. पासवर्ड दाराशी पाटीवर खडूनं लिहिला, वाटेल त्यानं वाचावा. भांडण नाही, टोमणा नाही. अण्णाला चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त विचारायला कुणी येईना.

तरी सकाळी आंघोळ झाली की हा खुर्चीत बसतो आणि ओरडतो, "चालू केलंय होऽऽ!" आतनं उत्तर नाही. आतनं पाढे. आठ दिवस असं झालं, तेव्हा फोन घेऊन दुकानात गेला. "हॉटस्पॉट बिघडलाय. बघ रे."

दुकानदारानं बघितलं. म्हणाला, "अण्णा, फोन चांगला आहे. नेट रग्गड पडून आहे. कुणी जोडलेलं नाही, एवढंच."

हसलात? हसा, हसा! अण्णाला हसणं सोपं आहे. तुमच्या घरात मसाल्याचं प्रमाण सुनेला अजून सांगितलं नाही ते कोण? दुकानातले खाचखळगे भावाला कळू नयेत म्हणून बोलता बोलता गप्प होतं ते कोण? आणि मीही आहे बरं का त्यात! माझ्या चाली मी शिष्याला दहा वर्षं रडवून दिल्या, आणि वर पाया पडून घेतलं!

घरी जा. जेवायच्या आधी घरच्यांना समोर बसवा आणि विचारा — "माझ्याकडनं काही घ्यायचं म्हणजे तुम्हाला जीव नकोसा होतो का?" आणि ती बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. हे विचारायची ज्याची छाती असेल, त्यानंच आता देवाच्या नावानं टाळी वाजवायची. बाकीच्यांनी हात मांडीवर. हं, वाजवा!

... एवढ्या मोठ्या मांडवात एवढीच टाळी?