बार्बाडोसची कोपी

...अन् वर मलाच इचारतेत, ‘अनिलभाऊ, परदेश बगून आलाव अन् तोंड कावून उतरलंय?’ अरे, उतरंल न्हाई तर काय हुईल? तुमाला सांगतो, मानूस इमानं बदलून, कान बधिर करून, इतका समुद्र वलांडून जातो कशापायी? काहीतरी निराळं बगायला ना? अन् मला दावलं काय? ऊस! ऊसच की हो!

बार्बाडोस. ह्या आपल्या कचरूला लगीच कळलं, ‘जिथं आपुन वर्ल्डकप जिंकला तेच का बे?’ तेच. आमची यशोधरा तिथं दवाखान्यात सिस्टर हाय. म्हनली, अप्पा, आईला घेऊन या, समुद्र दावते. दावला, खोटं कशाला बोलू... असा निळा की आमची वनिता म्हनती, ‘अवो, ह्यात कुनी नीळ कालवली काय?’ मंग गुहा दावली. गाडीत बसवून गुहेत नेतेत! आत छतातून पानी गळायलंय अन् लोक वा वा करायलेत. आपल्या शाळेचं छत दरसाल गळतं, कुनी टाळी वाजवली का?

इथवर समदं बरं व्हतं. मंग इतवारी पोरगी म्हनली, ‘अप्पा, आज इतिहास बगू.’ मी खूश! म्हनलं किल्ला असंल, तोफा असतील. गाडी शहराभायेर निगाली, एक वळन घेतलं, अन्... दोनी अंगाला ऊस! वनितानं माझ्याकडं बगितलं, म्या वनिताकडं. आमचा जन्म गेला ज्याच्यातून भायेर निगायला, ते बेनं आमच्या आदी तिथं जाऊन हुबं!

आता तुमी म्हनाल, उसाला काय घाबरायचं? उसाला न्हाई हो. तुमाला ठावंच हाय, यशोधरा ल्हान व्हती तवापासनं तिला माझ्या बहिनीकडं, भामाबाईकडं ठिवायचो अन् आमी दोघं कारखान्याच्या ऊसतोडीला जायचो. पोरगी इचारायची, ‘अप्पा, तिकडं तुमी ऱ्हाता कुटं?’ म्या सांगायचो, कारखान्यानं खोली दिलीय. स्लॅबची. पंखा हाय, नळ हाय. दरसाल त्या खोलीत काहीतरी वाढायचंच! एका हंगामात तर म्या टीव्ही बी बसवून टाकला! पोरगी म्हनली, मंग सुट्टीत मला न्या की. म्हनलं, तिथला सायेब लई कडक हाय, लेकरं आत घेत न्हाई. अहो, आई वल्या जमिनीवर झोपती हे कळल्यावर कुन्या लेकराचं ध्यान पुस्तकात लागंल? पोरीला जन्मात आमची कोपी, ती पाचटाची खोपट, दिसू द्यायची न्हाई, हे आमा दोघांचं ठरलेलं. अन् पाळलं की! पोरगी शिकली, समुद्रापल्याड गेली, तरी तिला पत्ता न्हाई!

तर गाडीतून उतरलो. गाइड एक उंच बाई, आवाज असा की नारायणगडाच्या जत्रंत माइक लागू नये. ती इंग्रजीत सांगनार, यशोधरा आमाला मराठीत. ‘इंग्रज आले. त्यांनी आदी तमाकू लावली, ती जमली न्हाई. मंग काय लावलं?’ म्या मनात म्हनलं, नको सांगू बाई, ठावं हाय. ऊसच की हो! ‘अन् तो तोडायला आफ्रिकेतून मानसं धरून आनली, जहाजात कोंबून. बाया, लेकरं. बाजारात इकली.’ आमाला कुनी साखळदंड घातला न्हवता, आमी आपल्या पायानं ट्रकात चढलो... तरी ट्रकातली दाटी याद आलीच.

मंग दगडाची पवनचक्की दावली, वाऱ्यावर उसाचा चरक फिरायचा म्हनं. ती बगून मागल्या अंगाला वळलो, अन् पायच थांबले. समोर दोर बांधून कोपी! कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट, वाकून जायचं दार. गुलाम असे ऱ्हायचे म्हनून नवीन बांधून ठिवलेली. गाइडबाई इचारती, ‘ह्यात मानूस कसं ऱ्हात असंल, कल्पना करता का?’ गोरी मंडळी माना हलवायलीत, च् च् करायलीत. म्या लगीच म्हनलं, ‘यशोधरा, चल बाई, ऊन लई हाय, डोस्कं दुकायलंय माझं...’ पोरीला ओढत लांब न्यायलो अन् मागं बगतो तर वनिता न्हाई!

वनिता आत! दोराखालून! दारातून गेली ती न बगता डोस्कं वाकवून, जशी रोज सांजच्याला जायची. आत तीन दगडांची चूल मांडलेली, नुसती शोभंची, बरं का! पन ती दाराच्या वाऱ्याला. बाईनं पदर खोचला, खाली बसली अन् दगड हलवायला लागली! वर आतून मलाच वरडती, ‘अवो, हितं जाळ केला तर पाचट पेटंल की!’ कोन जाळ करायलंय तिथं? अन् लोकाला वाटलं, हिला बी दावायलाच बसवलंय! खटाखट फोटो! एक गोरा म्हातारा तर गुडघ्यावर बसला! गाइडबाई पळत आली, ‘मॅडम! मॅडम!’

अन् यशोधरा नुसती हुबी. आईकडं बगायली, चुलीकडं बगायली. तिला कुनी काही सांगितलं न्हाई. मला वाटलं, आता लाजंल, एवढ्या लोकांत म्हनंल ही बाई आमची न्हवं. पोरीनं दोर वर उचलला, आत गेली, आईशेजारी मातीत बसली. अन् तिथून माझ्याकडं बगून इचारलं, ‘अप्पा... पंखा कुटं व्हता?’

काय सांगू? एवढी वर्सं एवढी मोठी खोली बांधली, अन् वनितानं दोन दगड हलवून पाडली!

गाडीत बसून माघारी निगालो. दोनी अंगाला ऊसच की हो... संपता संपंना. मंग पोरगीच म्हनली, ‘अप्पा, श्रावनात सुट्टी काढते. मला खरी कोपी बगायचीय.’ वनिता डोळे पुसत म्हनली, ‘ये की माय.’ तिला काय जातंय म्हनायला! म्या म्हनलं, ‘श्रावनात नको. दसरा हू दे, कोप्या तवा हुब्या ऱ्हात्यात.’

तर आता तुमीच सांगा, अवंदा तोडीला कोन-कोन जायलंय? न्हाई, आमी दोघं सुटलो... पन पोरीला कुनाची तरी कोपी दावावी लागंल ना.