राजपुत्राची तीन अक्षरं

कोडं सुटलं. पण हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण सकाळी भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर ते अजून सुटायचं होतं. थोड्या वेळात श्यामरावांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. पेपर त्यांच्या हातात होता, पेन त्यांच्या बायकोच्या, शकुनबाईंच्या. शब्दकोडं एका चारशे वर्षांपूर्वीच्या विलायती नाटकावरचं होतं.

"शेवटच्या अंकात राजपुत्राचं काय होते? तीन अक्षरं. लिही, मरतो."

"मी नाई लिहत जी."

"काहून वं?"

"दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत रातभर हेच नाटक झालं. तुमीच राजपुत्र होते. मेले काय?"

"मेलो होतो. लोकायनं वन्समोर देल्ला, म्हणून उठून गाणं म्हटलं."

"मंग परत मेले?"

"नाई. गाण्यातच उजाडलं. लोक घरी गेले."

"मंग 'जगतो' लिहू."

"मधात र पाहिजे. आडव्या 'तलवार'चा र आहे तो."

"तलवार खोडू."

"अवं, तलवारीशिवाय नाटक कसं होईन?"

"होते. तुमची तलवार सानगडी गावीच राहिली होती. तुमी धान कापाच्या विळ्यानं लढले."

"लोकायले समजलं नाई."

"समजलं. कोणी बोललं नाई."

नर्सनं नाव पुकारलं. श्यामरावांनी पेपर बायकोच्या मांडीवर ठेवला आणि ते आत गेले. शकुनबाईंनी तलवार खोडली, 'जगतो' लिहिलं आणि कोड्याखालच्या कोऱ्या जागेत, मोठ्यानं म्हणत म्हणत, लिहायला घेतलं:

"माननीय संपादक महोदय, मूळ नाटकात आवश्यक ती दुरुस्ती करून राजपुत्रास कायमस्वरूपी जिवंत ठेवण्यात यावे, ही विनंती. कार्यवाही आज दुपारपूर्वी व्हावी."