शेजारच्या सीटचं दार

—त्या दाराला टेकू नका. नाही, रंग ओला नाही, काही नाही, फक्त टेकू नका. इकडे या, माझ्या बाजूला, सावलीत. लिफ्ट मागितलीत, मी नाही कुठे म्हणालो? 'हो'सुद्धा म्हणालो नाही, ते खरं. इंजिन तापलंय, ते जरा निवू दे, तोवर बोलू. मोटरसायकल बंद पडली, पुढच्या फाट्यापर्यंत सोडा — ऐकलं मी, एकदाच सांगायचं, कान शाबूत आहेत माझे. कुत्र्याला घाबरू नका हो पाहुणे, चावायला त्याला दात कुठे उरलेत? तो दाराकडे तोंड करून बसलाय, बसू द्या. साहेब म्हणतात त्याला. आमच्या हिनं ठेवलेलं नाव — काम कवडीचं नाही आणि सगळं हातात हवं, म्हणून साहेब.

हो, घरच आहे हे. खाली ट्रक, वर खोली. बघायचं तर मागून डोकावून बघा, चपला काढा पण. मीच बांधली. दुसरं येतंय काय मला — आयुष्य गेलं लोकांच्या ट्रकांवर बॉडी बांधण्यात. लाकूड, पत्रा, वेल्डिंग. शाळेत चार वर्षं गेलो, त्यातली दोन एकाच वर्गात. पण माप चुकलं नाही कधी. म्हणजे — जाऊ द्या, त्यावर येतो. तर गाड्या बांधायच्या, कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडायच्या, आणि परत आत. फाटकाच्या पुढे रस्ता कसा असतो, मला विचारू नका. ही म्हणायची, अहो, सगळ्या जगाच्या गाड्या रस्त्याला लावल्यात, आपण कधी निघायचं? मी म्हणायचो, निघू. निघू निघू करता गुडघे गेले. मग कारखाना मुलानं बंद केला, जागा विकली, आणि हा एक जुना छोटा ट्रक कोपऱ्यात उभा होता तो माझ्या वाट्याला आला. म्हटलं, घे, निघ आता.

सोपं नसतं हो. लोकांना वाटतं मजा. सुरुवातीला रोज डोकं आपटायचं, त्याच तुळईला, तिथेच, आणि तुळई मीच बसवलेली, म्हणजे शिव्या तरी कुणाला द्यायच्या? वळण आलं की कपाटं उघडायची. एकदा साखरेचा डबा गादीवर उपडा झाला, मग कितीतरी दिवस मुंग्या आमच्याबरोबर प्रवासाला. आणि हे साहेब — प्रत्येक घाटात उलटी. नेमकी माझ्या बुटात. हिच्या चपला शेजारी असायच्या, त्यांना धक्का नाही. वर चढता येईना म्हणून फळी लावून दिली, त्यावर जुना गालिचा ठोकला — साहेब फळीला शिवेनात. शेवटी ही पदर खोचून गुडघ्यावर बसली आणि रांगत रांगत वर गेली, हे असं चढायचं रे, दिसलं का. भर रस्त्यात. या वयात. मी म्हटलं, लोक बघतायत. तर म्हणते, बघू देत, तुम्ही पण शिकून घ्या. आणि गेला तो तिच्या मागून. तेव्हापासून चढतो. दोघांपुरतं माप काढलेली गादी, तिच्यात मधोमध साहेब, आणि आम्ही कडेला पाहुणे आल्यासारखे.

ओटा बुटका आहे म्हणता? बुटकाच आहे. ती बुटकी होती. तिच्या कोपराचं माप घेऊन बांधलाय. आता मी वाकतो, कंबर धरते, मुलगा फोनवर म्हणतो बाबा तेवढा उंच करून घ्या. तो म्हणायला मोकळा. फळ्या आहेत, स्क्रू आहेत, अर्ध्या दिवसाचं काम नाही. करीन. चहा करतो वाकून, पितो, कप धुतो. चहा होता का गरम पाणी होतं असं विचारलंत तर सांगता यायचं नाही. दुःख वगैरे म्हणत असाल तर तसलं काही नाही मला. दात काढायच्या आधी सुई देतात ना — गाल आपला असतो, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो — तसं. दुखत नाही. बरंच आहे.

तर ते मापाचं. तिला पुढच्या काचेतून रस्ता दिसेना. नुसतं आभाळ दिसतंय म्हणाली, आभाळ बघायला गच्ची काय वाईट होती? म्हणून शेजारची सीट उचलली मी, वीतभर. खाली चौकट घातली, वर जाड गादी. बसवली तिला, दिसतंय का, दिसतंय. खूश. दार लावलं, गेलो गावाबाहेर, चहाला थांबलो — आणि हिला उतरता येईना. का? तर दार उघडायची आतली मूठ गेली होती गादीच्या मागे. पार गाडली गेलेली. बोटसुद्धा शिरत नव्हतं. चाळीसेक वर्षं बॉड्या बांधल्या, आणि स्वतःच्या बायकोला डांबून ठेवलं! हसली, हसली, डोळ्यांतून पाणी काढलं. मी चिडलो. म्हटलं आत्ता काढतो, मूठ वर घेतो. तर म्हणाली, राहू द्या. तेवढ्या निमित्तानं तरी तुम्ही माझ्यासाठी दार उघडाल.

मग तेच सुरू झालं. गाडी थांबली की आधी हा माझ्या बाजूनं उडी मारायचा, धावत पलीकडे जाऊन दारासमोर बसायचा. मी मागून पाय ओढत. दार उघडायचं आणि म्हणायचं, उतरा महाराणी. ती म्हणायची, उशीर केलात. उतरली की आधी याच्या भांड्यात पाणी, मग बाकी जग. दार उघडून ती उतरल्याशिवाय साहेब झाडाकडे जायचे नाहीत, पाय वर करायचे नाहीत. शिस्त.

एकदा असंच थांबलो. दुपारची वेळ, असाच पेट्रोल पंप, इथला नव्हे. डुलकी लागली होती तिला वाटेत. हा जाऊन बसला. मी जाऊन दार उघडलं. उतरा महाराणी, म्हटलं. परत म्हटलं. आवाज चढवून म्हटलं, रस्त्यात तमाशा नको.

हं.

डॉक्टर म्हणाला झोपेतच गेली, कळलंसुद्धा नसेल. म्हणजे उतरायची धडपड वगैरे काही नाही. मुठीचा काही संबंध नाही. मी विचारलं होतं त्याला. दोनदा विचारलं. तो म्हणाला, आजोबा, कसली मूठ?

पाणी हवंय का तुम्हाला? नको? बरं.

उचलली ती माझ्या बाजूनं. गाडी भिंतीजवळ लावलेली, दार जेमतेम उघडेल एवढीच जागा, पलीकडे अँब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर शिरेना. मी दार परत लावून घेतलं, ते म्हणाले म्हणून लावलं, आणि इकडून स्टिअरिंगखालून काढली तिला. हा तिकडेच बसलेला. त्यानं काही पाहिलंच नाही. म्हणजे त्याच्या हिशेबानं ती अजून उतरलेलीच नाही. आतच आहे. कळलं का? गाडी थांबते, हा पलीकडे जातो, बसतो. मी दार न उघडता राहून पाहिलंय. बसून राहतो. कण्हतो, थरथरतो, पण झाडाकडे जात नाही. मग काय करणार, जातो, उघडतो. तो वर बघतो. मी लावतो. मग उठतो, जातो, कुणीतरी पुढच्या थांब्यावर उतरणार असल्यासारखा. मुलगा म्हणतो, बाबा, परत या, गाडी विका, कुत्रा कुणाला तरी देऊन टाका. कुठे परत? घर भाड्यानं दिलंय. आणि गाडी विकली तर घेणारा पहिल्यांदा काय करील — ती मूठ वर घेईल.

तेव्हा तुम्ही विचाराल, त्या सीटवर बसायला काय हरकत आहे म्हातारबुवा, रिकामीच तर आहे. विचारलंत ना मघाशी. हरकत बसण्याची नाही हो. बसाल तुम्ही गुमान, चांगल्या घरचे दिसता. हरकत उतरण्याची आहे. फाट्यावर मी येणार, दार उघडणार, आतली मूठ तुम्हाला सापडणार नाही, आणि तुम्ही उतरणार, याच्या डोळ्यांदेखत. आणि याचं मिटलं तर? म्हणजे, हां, हाच होता तर आत, उतरला एकदाचा, असं वाटलं त्याला, आणि पुढच्या थांब्याला तो सरळ झाडाकडे गेला तर? त्याचं बरंच आहे, सुटेल बिचारा. पण मी तिथे दाराशी जाऊन — कुणासाठी उघडू?

मागे बसता? खोलीत? मागच्या दारानं चढायचं, मागच्याच दारानं उतरायचं, तुळई सांभाळायची... नाही. नको. ती बघा टँकरची गाडी निघतेय, त्या बाजूलाच चाललीय, हात करा, घेईल तो. घेतोच, त्यांना बोलायला कुणीतरी लागतं. मला नाही लागत.

जा, जा लवकर. आणि सरका जरा तिथून, परत टेकलात. केव्हाचा ताटकळलाय तो.

हं. चल रे साहेब.

उतरा महाराणी.