बोटीच्या नाकावरचा नारळ

“वहिनी, नारळ फोडल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही!” माझे धाकटे दीर हातात नारळ उगारून उभे, आणि बोटीपुढे आडवी मी.

अहो, मागच्या वेळी ऐकलं ना त्यांचं! बदलापूरला नदीत फिरायला हौसेने मोटरबोट घेतली, तर भाऊजींनी नारळ थेट तिच्या नाकावर आपटला. नारळ शाबूत, फायबरला हातभर तडा. कारागीर म्हणाला, महिना लागेल. म्हटलं, राहू दे. मोबाईलवर बघून शिकले, उल्हासनगरच्या तीन नंबर बाजारातून रेझिन आणि फायबरचं कापड आणलं, घासून, थरावर थर देऊन तडा माझ्या हाताने बुजवला. त्यानंतरची ही पहिलीच फेरी.

“आमच्या बाबांनी प्रत्येक होडीच्या नाकावरच फोडलाय,” भाऊजी म्हणाले.

“त्या सागवानी होत्या. खाली दगडावर फोडा.”

“पाण्यात दगड जाणार आहे की बोट?”

शेजारीच त्यांची कोरी गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मी बाजूला झाले.

“फोडा भाऊजी, पण आधी तुमच्या गाडीच्या बोनेटवर एक फोडून दाखवा.”